आधी सासूबाई उलट्या करा

"मामा परत हवेत लटकलाय," मी म्हणाले.

कारखानीस साहेबांनी खुर्ची ओढली, चष्मा कपाळावर सरकवला आणि स्क्रीनला नाक लावून बघितलं. "कुठे?"

"हा काय. खाली काही नाही, बाजूला काही नाही. अधांतरी बसलाय निवांत. आणि सासूबाई अजून यायच्याच आहेत."

"बिरनाळे बाई, तुम्ही मोटरला मोटर आणि पेटीला पेटी म्हणाल का? सकाळपासून माझं डोकं दुखतंय."

आमचा कारखाना कुपवाडला, सांगलीच्या बाहेर. आम्ही घरघंट्या बनवायचो, घरात पीठ दळायची छोटी गिरणी असते ना, त्या. तेव्हा अख्ख्या कारखान्यात एकच कॉम्प्युटर होता आणि तो माझ्या ताब्यात होता. एवढा तापायचा, की मी त्याच्यावर पापड भाजलेत. बरं, भाजले नाहीत, वाळवले. बरं, एकदाच वाळवला. पण तापायचा.

माझं काम सांगायला सोपं होतं. नव्या घरघंटीच्या सगळ्या भागांची चित्रं कॉम्प्युटरमध्ये भरायची, आणि कुठला भाग आधी जोडायचा, कुठला नंतर, ते त्याच्याकडून काढून घ्यायचं. युक्ती अशी, की जोडायचं कसं हे त्याला विचारायचंच नाही. जोडलेली घरघंटी त्याच्यापुढे ठेवायची आणि म्हणायचं, सोडव. मग तो एकेका भागाला हलवून बघणार, तू कुणाला न धडकता बाहेर निघतोस का? निघाला की बाजूला. असं करत करत सगळी घरघंटी मोकळी झाली, की ती यादी खालून वर वाचायची. शेवटी निघाला तो पहिला जोडायचा. झालं काम.

भागांना नंबर होते, लांबलचक. माझ्या लक्षात राहीनात, म्हणून मी नावं दिली. बाहेरची पत्र्याची पेटी म्हणजे सासूबाई. मोटर म्हणजे मामा, कारण तो जड असतो आणि त्याच्याशिवाय कार्य अडतं. वर धान्य ओतायचं तोंड असतं ते आत्या, कायम उघडं. धान्य भरडते ती चक्की म्हणजे वन्सं, तिचं दळण संपतच नाही. आणि मोटर हादरू नये म्हणून मोटर आणि पेटी यांच्यामध्ये रबरी वॉशर बसतात, ते आमचे हे. मध्ये चेपून बसायचं, स्वतः आवाज करायचा नाही आणि दुसऱ्यांचा होऊ द्यायचा नाही. इतकं चपखल नाव मी आयुष्यात कुणाला दिलं नसेल.

तर मामा लटकला होता.

"याला वजन म्हणजे काय ते माहीतच नाही," मी साहेबांना म्हणाले. "हा म्हणतो, मोटर आधी हवेत ठेवा, मग तिच्याभोवती पेटी आणा. धडकत नाही ना कुणाला? मग झालं."

"हे असं कागदावर बापूसाहेबांना दाखवायचं?"

"गुरुवारपर्यंत करते काहीतरी."

"बाई, काहीतरी नको. यादीप्रमाणे घरघंटी पहिल्या फटक्यात जोडली गेली पाहिजे. नाहीतर ते म्हणालेत ना, कॉम्प्युटर अकाउंट्सला. आणि तुम्ही परत ड्रॉइंग बोर्डवर, ट्रेसिंगला."

मालकांचं म्हणणं कारखानीस साहेबांनी मला सांगायची गरज नव्हती. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून मी दहा वर्षं दुसऱ्यांची ड्रॉइंगं गिरवली होती. रेघेवर रेघ. डिझाईनमध्ये चूक दिसली तरी चुकीवर नीट रेघ ओढायची, कारण बाईंनी विचारायचं नसतं. त्या कॉम्प्युटरपुढे बसल्यापासून पहिल्यांदा मला कुणी विचारत होतं, बाई, कसं करूया? मला त्या बोर्डवर परत जायचं नव्हतं. एवढंच होतं बघा त्यात माझं, पण ते माझं होतं.

मग मी त्याला वजन शिकवलं. नियम घातला, ज्याच्या खाली कुणी नाही त्यानं हवेत थांबायचं नाही. सकाळी कामाला लावलं. जेवणाची सुट्टी झाली, चहा झाला, आणि शेवटी स्क्रीनवर दोन शब्द आले. क्रम नाही.

मी म्हटलं, नाही कसा? जुन्या मॉडेलची मोटर अशीच बसते, आणि खाली कारखान्यात ती रोज जोडतात की लोक. परत लावलं. क्रम नाही. मापं तपासली, वन्संना थोडं सरकवलं, आत्याला काढून बाजूला ठेवलं. क्रम नाही. मी त्या कॉम्प्युटरला अशा शिव्या दिल्या, की पंख्याचा आवाज बदलला. घरी जाऊन भांडी आपटली. ह्यांनी विचारलं, "काय झालं?" मी म्हटलं, "तुम्ही गप चेपून बसा." बिचारे बसले.

दुसऱ्या दिवशी मी खाली लाईनवर गेले. तिथे मगदूम मेस्त्रींचं राज्य. आता मगदूम मेस्त्रींचं आणि माझं काय होतं ते सांगायला पाहिजे. कॉम्प्युटर नवा आला तेव्हा ते तोंडात तंबाखू धरून माझ्या खोलीत यायचे. मी त्यांना सांगितलं होतं, या मशीनला तंबाखूचा वास कळतो, आणि कुणी खाल्ली त्याचं नाव ते आपोआप बापूसाहेबांच्या केबिनमध्ये छापून पाठवतं. मेस्त्रींनी पुढचा सगळा श्रावण बडीशेप चघळली. कारखानीस साहेबांनी कॅन्टीनमध्ये सगळ्यांसमोर त्यांना कारण विचारलं, तेव्हा माझी थाप उघडी पडली. लोक हसून हसून ताटावरून उठले. तेव्हापासून मी बोलायला लागले, की मेस्त्री आधी माझ्या डोळ्यांत बघायचे.

"मेस्त्री, मोटर कशी बसवता?"

"कशी म्हंजे? पेटीत आडवी पट्टी हाय. मोटर त्या पट्टीला खालनं टांगायची."

"टांगायची म्हणजे, धरतं कोण?"

"दोघं आत वाकत्यात. एक गुडघा लावतो, एक खांदा. तिसरा बोल्ट आवळतो. आन् तोवर दोघांनी श्वास घ्यायचा न्हाई." मग खालच्या आवाजात म्हणाले, "मागल्या म्हयन्यात पाटोळ्यानं घेतला. पायावर आली मोटर. अजून लंगडतंय त्ये."

म्हणजे कॉम्प्युटर खरं बोलत होता. त्याच्यापाशी ना गुडघा ना खांदा. बोल्ट बसेपर्यंत मामा लटकतच राहणार, आणि लटकायचं नाही असा नियम मीच घातलेला. क्रम नाही तर नाही. पण गुरुवारी बापूसाहेबांच्या हातात 'क्रम नाही' असा कागद ठेवून मी काय म्हणणार होते? बघा साहेब, तुमची घरघंटी जोडताच येत नाही?

बुधवारचा अख्खा दिवस मी डोकं फोडलं. गुरुवारी सकाळी जाऊन बसले ती नुसत्या रागात. थोड्याच वेळात बापूसाहेब बघायला यायचे होते. त्या रागातच मी आणखी एक ओळ घातली, काही उपाय म्हणून नाही, केवळ त्याला कारण उरू नये म्हणून. सासूबाई कुठल्याही कुशीवर झोपू शकतात. म्हटलं, घे. आता झोपव तिला कशीही आणि सांग मला क्रम नाही म्हणून.

चहाचा कप तोंडाला लावेपर्यंत प्रिंटर कर्र कर्र करायला लागला.

पहिली ओळ वाचून मी हसले. दुसरी वाचून थांबले. पुढच्या वाचता वाचता चहा थंड झाला. पेटी डोक्यावर उभी करायची. म्हणजे जी पट्टी खालून टांगायची होती, तीच वरून उघडी. मोटर वरून सोडायची, ती आपल्याच वजनानं बसते. कुणाचा गुडघा नको, खांदा नको. बोल्ट आवळायचे, पेटी सुलटी करायची, मग वरचे बाकीचे भाग. इतकं साधं. आणि आजवर कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. माझ्याही नाही.

आता नुसती नावं बदलायची होती. सासूबाई काढून पेटी, मामा काढून मोटर. मी कीबोर्डवर हात ठेवला आणि लाईट गेली.

आणि दारात बापूसाहेब उभे.

आमचे मालक बापूसाहेब खोत हे मालक होते ते जावई म्हणून. कारखाना सासऱ्यांनी काढलेला. सासरे गेले, आणि खरा शब्द उरला तो सासूबाईंचा, आक्कासाहेबांचा. ठसठशीत कुंकवाची जागा मोकळी, पांढरं पातळ, हातात काठी. बोलायच्या कमी. बापूसाहेब कारखान्यात कुठेही गेले, तरी दोन पावलं मागे त्या असायच्याच. त्या दिवशीही होत्या. मागे कारखानीस साहेब, त्यांच्यामागे मगदूम मेस्त्री.

"लाईट नाही? असू दे," बापूसाहेब म्हणाले. "छापून झालंय की." आणि मी हात पुढे करायच्या आत त्यांनी कागद टर्रकन फाडून घेतला. बापूसाहेबांना मोठ्यांदा वाचायची हौस. गणपतीत आरतीनंतरचे आभार तेच मानायचे.

"एक," त्यांनी घसा साफ केला. "सासूबाई उलट्या करा."

कारखानीस साहेबांनी त्यांना थांबवायला हात वर केला. पण वाचायला लागलेला माणूस एकदम थांबत नाही, गाडी थोडी पुढे जातेच.

"दोन. ह्यांना चारी कोपऱ्यांत बसवा. तीन. मामाला वरून सोडा. चार. मामाला आवळा. पाच. सासूबाई..."

इथे ते थांबले. मानेपासून कानापर्यंत लाल होत गेले. मागे वळून आक्कासाहेबांकडे बघायची त्यांची छाती झाली नाही.

कारखानीस साहेबांना घाम फुटला होता. "साहेब, ती, ती पार्टची नावं आहेत. सासूबाई म्हणजे पेटी."

"नावं कळली मला," बापूसाहेब दात आवळून म्हणाले. "पण उलट्या करा म्हणजे? पेटी डोक्यावर उभी करून घरघंटी कोण जोडतं? इतकी वर्षं कुणी जोडली? हे मला ऐकवायला लिहिलंय. मला आणि यांना."

"नाही साहेब," मी म्हणाले. "हे कॉम्प्युटरनं काढलंय. मी फक्त..."

"व्हय," मागून मगदूम मेस्त्री बोलले. "आन् तंबाखूचा वासबी त्यालाच येत हुता."

"मेस्त्री, ते वेगळं."

"कसं वेगळं? तवाबी आसंच तोंड केलं हुतं तुमी."

आता मी काय सांगू? आयुष्यभर मी थापा मारल्या. माझ्या माहेरची द्राक्षं करवतीनं कापायला लागतात, हे कॅन्टीनमधले अर्धे लोक खरं धरून होते. एकदाही मला कुणी थांबवलं नव्हतं. आणि ज्या दिवशी तोंडातून पहिल्यांदा पूर्ण खरं बाहेर पडलं, त्या दिवशी कुणी धरायला तयार नाही. मी पोराची शपथ घेतली. मेस्त्री म्हणाले, "द्राक्षांच्या येळंलाबी घेतली हुती." घेतली होती.

"कारखानीस," बापूसाहेब म्हणाले, "हे यंत्र उद्या अकाउंट्सला हलवा. आणि बाईंना..."

मी ऐकायला थांबले नाही. तरातरा जिना उतरून लाईनवर गेले. नव्या मॉडेलची पेटी मधोमध उभी होती. मी पदर खोचला, पेटीला मिठी मारली आणि उलटी करायला लागले. ती हलली, कलली आणि परत जागेवर बसली. पुन्हा धरली, पुन्हा बसली. सगळी लाईन काम थांबवून बघत होती. वरची मंडळी खाली आली तेव्हा मी पेटीला धरून उभी होते, केस सुटलेले, हाताला पत्रा लागून रक्त, आणि ती बया जागची हलायला तयार नाही. मला रडायला आलं असतं, पण मगदूम मेस्त्री समोर होते.

काठी टेकत आक्कासाहेब पुढे आल्या. तोवर त्यांनी तोंड उघडलं नव्हतं.

"ही का ती सासू?"

"हो, आक्कासाहेब."

"हिलाच का ठेवलंस हे नाव?"

"सगळ्यांना पोटात घेते म्हणून," मी पटकन म्हणाले. "सगळे हिच्या आधारानं राहतात."

आक्कासाहेबांनी माझ्याकडे बघितलं. त्यांची नजर अशी होती, की वाळत घातलेलं पातळ आपोआप घडी होऊन यावं.

"खरं सांग."

बापूसाहेब मान हलवून मला गप्प राहा असं सुचवत होते. कारखानीस साहेबांनी तर डोळेच मिटले. पण मी थकले होते. थाप मारायलासुद्धा अंगात थोडी ताकद लागते.

"कुणालाही बाहेर काढायला गेलं, की वाटेत हीच येते," मी म्हणाले. "मामाला हलवा, ही आडवी. वन्संना हलवा, ही आडवी. म्हणून सासूबाई."

लाईनवर कुणाच्या तरी हातातून पाना पडला.

आक्कासाहेबांनी काठीनं पेटी ठोकून बघितली. मग म्हणाल्या, "आता खरं बोललीस. एवढं वाईट खरं माझ्या तोंडावर बोलणारी बाई त्याच दमात खोटं कशाला बोलेल?" आणि मागे न बघता म्हणाल्या, "मगदूम, कर उलटी."

"आक्कासाहेब, पर रंग खरचटंल..."

"मग खाली पोतं टाक. सासूला कुणी उघड्या फरशीवर आपटतं का?"

पोतं आलं. मेस्त्रींनी आणि पाटोळेनं पेटी उचलून डोक्यावर उभी केली. वरून वॉशर टाकले, आमचे हे, चार कोपऱ्यांत गप जाऊन बसले. मग मेस्त्रींनी मोटर घेतली. त्यांचा चेहरा अजून तसाच होता, आता कुठून बडीशेप निघते बघू असा. मोटर वरून सोडली. ती खाली गेली, भोकांवर भोकं आली, आणि थांबली. मेस्त्रींनी हात काढले. मोटर तिथेच. त्यांनी परत हात लावला, परत काढला. मग पाना घेऊन एकट्यानं चारही बोल्ट आवळले. पाटोळे बाजूला नुसता उभा होता. त्याला हाताचं काय करावं कळेना.

पेटी सुलटी केली. वन्सं बसल्या, आत्या बसली. तोवर लाईट आली होती. मेस्त्रींनी बटण दाबलं. घरघंटी फिरली.

मेस्त्री माझ्याकडे न बघता म्हणाले, "बाई, ह्ये खरंच त्यानं काढलं?"

"हो."

"मग तंबाखूचं?"

"ते मी काढलं होतं."

बापूसाहेबांचा रंग परत जागेवर आला होता. त्यांनी घरघंटीवर हात फिरवला, कागदाची घडी केली आणि खिशात घातली. "उत्तम. कारखानीस, उद्यापासून सगळ्या अशाच जोडा."

"हो साहेब. आणि कॉम्प्युटर?"

"तो आता कशाला लागतोय? क्रम सापडला की. अकाउंट्सला द्या. त्यांचा किती दिवस तगादा आहे."

मी आक्कासाहेबांकडे बघितलं. पण त्या वळून गेटकडे निघाल्या होत्या. त्यांच्या दृष्टीनं न्याय करून झाला होता.

दुसऱ्या दिवशी चौघांनी कॉम्प्युटर उचलून नेला. मी त्याच्यावरचं प्लॅस्टिकचं कव्हर नीट करून दिलं. कारखानीस साहेब दारात उभे होते.

"साहेब, उत्तर चुकलं असतं तरी तो अकाउंट्सला जाणार होता ना?"

"हो."

"मग बरोबर येऊन काय झालं?"

त्यांनी चष्मा पुसला. "पाटोळेचा दुसरा पाय वाचला," ते म्हणाले. यावर भांडता येईना, म्हणून मला जास्तच राग आला. मग ड्रॉइंग बोर्ड पुसला, पेन्सिलीला टोक केलं आणि रिटायर होईपर्यंत रेघेवर रेघ ओढली.

आता माझी नात ऋचा पुण्यात हेच काम करते. भाग कसे जोडायचे ते कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं. पाच माणसांची टीम आहे, कॉफीचं मशीन आहे. मी तिला म्हटलं, हे मी तुझ्या जन्माआधी कुपवाडात केलंय. ती म्हणाली, "हो आजी, आणि त्याच्यावर पापड भाजलेस." सगळे हसले. मगरीवर बसून मी कृष्णा ओलांडली होती, ते तिला लहानपणी पटलं होतं. हे पटत नाही.

मागच्या आठवड्यात आमची घरघंटी बंद पडली. त्याच जातीची, जुनी. दुरुस्तीवाला आला, मिरजेचा, पिशवी खांद्याला. त्यानं ती सगळीकडून बघितली, कान लावला, आणि मला म्हणाला, "आजी, मोटर काढाय लागंल. जरा हात लावा तिकडनं. सासू उलटी करायची."

मी जागेवर उभी राहिले. "काय करायची?"

"सासू. ही पेटी ओ. आमच्या लाईनीत हिला सासूच म्हणत्यात. मोटर काढायची म्हटलं, की पयली सासू उलटी."

"असं का म्हणतात?"

"काय म्हाईत. आमच्या वस्तादांच्या वस्तादापास्नं म्हणत्यात. आसंल कुणीतरी सून वैतागलेली."

"मी ठेवलंय ते नाव," मी म्हणाले.

त्यानं मान वर केली आणि सरळ माझ्या डोळ्यांत बघितलं. मग हसला.

"व्हय व्हय," म्हणाला. "धरा तिकडनं."

मी पदर खोचला आणि धरली.